जनरल शिफ्टची लाल झेंडी

आमच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेलाच. वेळ सांगायचा भिलाईच्या स्टील प्लँटचा भोंगा. भोंगा झाला की माय चुलीवरचं आधण उतरवायची, शेजारच्या साहू काकी अंगणात सडा टाकायच्या, आणि गल्लीतून सायकलींची खडखड सुरू व्हायची. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ बसायची. ती झटकताना माय त्या उंच चिमण्यांना शिव्या घालायची, ‘दुसरं काई कामच नाई काय तुमाले, माहे धुतलेले कपडे पाहूनच धूर सोडता काय?’ जणू त्या चिमण्या तिच्या जावा होत्या! त्याच चिमण्यांवर आमचं पोट होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. एखाद्या दिवशी धूर कमी दिसला तर तीच काळजी करायची, ‘आज काहून बंद हाय रे बाप्पा?’ मी फटकळ बोलते असं सगळे म्हणतात. ते कुठून आलं याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही.

बाबा प्लँटच्या आतल्या रेल्वेत शंटिंगच्या कामावर. वितळलेल्या लोखंडाच्या रसाने भरलेले लॅडल, कोळशाचे डबे इकडचे तिकडे करायचे, इंजिनाला झेंड्या दाखवून मागं-पुढं घ्यायचं, हे त्यांचं काम. घरातही त्यांची भाषा तीच. संडासाची कडी लागलेली असली की बाहेरून विचारायचे, ‘लाइन क्लियर हाय का?’ मी जेवायला बसायला उशीर केला की ‘गाडी सिग्नलवर उभी हाय’ म्हणायचे. त्यांच्या दोन झेंड्या, लाल आणि हिरवी, ते स्वतः धुवायचे. मायला हात लावू द्यायचे नाहीत. ती म्हणायची, ‘माह्या लुगड्याले कदी साबण लावला नाई तुमी, अन् ह्या चिंध्याइले लावता!’ त्यावर बाबा हसायचे. त्यांचं हसू मोठं होतं, गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. रविवारी सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही बुद्धवंदना म्हणायचो, मग माय पातोडीचा रस्सा करायची, आणि साहू काकी तांदळाच्या पिठाचे चीले पाठवायच्या. पातोडी आणि चीला हे लग्न दुनियेत दुसरीकडे कुठे लागलं असेल असं मला वाटत नाही. फार छान नांदत होतं ते.

मग बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. तो काय एका दिवसात येत नाही, चोरासारखा येतो. आधी त्यांना बाजूचं दिसेना, मग ताटातली चटणी सापडेना, मग एक दिवस त्यांनी मलाच विचारलं, ‘कोन हाय?’ मी समोर उभी होते. डॉक्टरांनी फार प्रयत्न केले, पण उशीर झाला होता. शंटिंग तर सुटलंच. पण डिपार्टमेंटच्या साहेबांनी त्यांना घरी बसवलं नाही, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण चांगलं केलेलं लोक लवकर विसरतात. त्यांनी बाबांना मेन रस्त्यापलीकडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायचं काम दिलं. बोर्डावरची भोकं बोटांनी चाचपून त्यात प्लग खुपसायचा, बस. बाबा ते भराभर शिकले. साहेबांची अट एकच होती, ‘गजभिये, जनरल शिफ्ट में टाइम से आना. बाकी हम देख लेंगे.’ नोकरी टिकली म्हणजे क्वार्टर टिकलं, आणि क्वार्टर टिकलं म्हणजे आम्ही भिलाईत टिकलो. नाहीतर परत भंडाऱ्याकडच्या गावी जायचं होतं, जिथे आमच्या वाट्याला ना जमीन होती ना शब्दाला मान.

आता टाइमात यायचं म्हणजे कसं? क्वार्टरपासून रस्त्यापर्यंत अडचण नव्हती. मेंदीच्या कुंपणाला हात लावत बाबा आरामात जायचे. अडचण होती त्या रुंद रस्त्याची. सकाळी जनरल शिफ्टच्या वेळी त्यावरून सायकलींचा पूर यायचा. अख्खी भिलाईच सायकल घेऊन निघाली आहे असं वाटायचं. इकडून कामावर जाणारे, तिकडून रात्रपाळी करून येणारे, मध्ये एखादा ट्रक. माय पहाटेच सेक्टरच्या दवाखान्यात आयाच्या कामाला जायची. तेव्हा बाबांना पार करायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी शाळा सुटलेली असायची, खोळंबा सकाळचाच. माझं वय तेव्हा मॅट्रिकचं, आणि आमच्या शाळेची प्रार्थना नेमकी जनरल शिफ्टच्या भोंग्याच्या वेळेला. बाबांना एक्स्चेंजच्या दारात सोडून, परत रस्ता ओलांडून, मैदानातून पळत मी शाळेत पोचायची तोवर पहिला तास अर्धा झालेला असायचा. तो गणिताचा असायचा, आणि मी रोज वर्गाबाहेर उभी. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. दिवाळीपर्यंत त्यांनी सांभाळून घेतलं. मग बोलावून सांगितलं, ‘मंदा, तुम्हारी मजबूरी समझती हूँ. लेकिन पहला पीरियड ऐसे ही जाता रहा तो बोर्ड का फॉर्म मैं नहीं भर सकूँगी. महीने के आखिर तक देख लो.’

त्या महिन्यात मायने दवाखान्यातून पांढरी काठी आणली. डोळ्यांच्या विभागातल्या बाईंनी दिली होती. माय कौतुकाने म्हणाली, ‘हे घेतली का सारे बाजूले होतेत म्हनते. गाड्याबी थांबतेत.’ बाबांनी ती हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली, आणि मायच्या हातात परत दिली. म्हणाले, ‘मी काठी नाई धरत.’

माय म्हणाली, ‘काहून?’

‘माह्या आज्याच्या हाती काठी होती. गावकीची. वर घुंगरं बांधलेली. वाजली का गावाले समजे कोन येऊन रायला ते. मंग घरातून शिळी भाकर येत जाय, वरून टाकलेली. माह्या बापानं ते काठी चुलीत घातली, तवा आमी मानसं झालो. आता मी काठी वाजवत रस्त्यानं फिरू?’

‘अवो, हे ते काठी नोहे!’

‘काठी ते काठीच,’ बाबा म्हणाले. मायने ती कोपऱ्यात उभी केली. तिच्याही माहेरी तशीच काठी होती.

पण माय हार मानणारी नव्हती. एका रविवारी तिने बाबांना शपथ घातली, एकदाच, सिविक सेंटरच्या बाजारापर्यंत, पोट्टी सोबत राहील, तुम्ही फक्त काठी धरून पाहा. बाबा निघाले. काठी अशी धरली होती की जणू दुसऱ्याची छत्री सांभाळत आहेत. मी स्वेटरची लोकर घ्यायला एका दुकानात शिरले, बाबांना म्हटलं इथेच खांबाजवळ थांबा. रंग जुळवून बाहेर येते तर बाबा गायब! मी सगळीकडे पळाले, शेवटी पानवाला म्हणाला, ‘वो सूरदास? उनको एक भले आदमी उधर छोड़ आए.’ उधर म्हणजे देवळाच्या पायऱ्यांवर. तिथे मागणाऱ्यांची रांग बसायची, त्या रांगेत, नीट जागा करून, माझ्या बापाला बसवलं होतं. त्या भल्या माणसाचा काहीच वाईट हेतू नव्हता. पांढरी काठी काय असते हे तेव्हा आमच्याकडे कोणाला माहीत होतं? आंधळा दिसला, हातात काठी दिसली, आणि अशा माणसाची जागा कुठे असते ते त्याला माहीत होतं. बाबा मांडीवर काठी आडवी ठेवून ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. माझा आवाज ऐकून उठले आणि म्हणाले, ‘पायलं मंदे? काठी धरली का लोक जागा दाखवतेत.’ मला इतका संताप आला होता की लोकरीची पिशवी कुठे पडली तेही कळलं नाही. काठी कपाटामागे गेली.

महिना संपत आला. एका संध्याकाळी मी मोठ्या बाईंचं बोलणं सांगून टाकलं. खरं तर सांगणार नव्हते, पण माय ‘गनिताचं काय म्हनतेत’ म्हणून खोदत बसली आणि माझा बांध फुटला. मी रडले, चांगली भोकाड पसरून रडले. मायने भाकरीचं पीठ तसंच ठेवलं आणि बाबांवर घसरली. ‘तुमाले काठी नको, मंग पोट्टीले काठी करून ठिवली तुमी! आज्याची काठी बापानं जाळली म्हनता, कायले जाळली? तिच्यासारख्या पोट्ट्याइनं शिकावं म्हनूनच ना?’ एवढं बोलून तीच घाबरली. साहू काकी भिंतीपलीकडून ऐकत असणारच, कारण थोड्याच वेळात साहू काका दारात. म्हणाले, ‘गजभिये भाई, मेरे कैरियर पर बैठो, रोज छोड़ दूँगा.’ बाबा हात जोडून म्हणाले, ‘भैया, आपकी तो शिफ्ट बदलती है. हर हफ्ते नया कैरियर कहाँ ढूँढूँगा?’ काका चहा पिऊन गेले.

बाबा खाटेवरून उठले. मग मायला म्हणाले, ‘माही पेटी काढ. लाल झेंडी दे.’

माय म्हणाली, ‘कायले? आता कोनती गाडी हाय तुमची?’

‘जनरल शिफ्ट,’ बाबा म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी खाकी शर्ट घातला, जुना, कामावरचा. दाढी केली. मी सोबत निघाले. वाटेत त्यांनी बजावून सांगितलं, ‘करंजाच्या झाडापाशी थांबायचं. हात लावायचा नाई. आवाज द्यायचा नाई. मी पडलो तरी नाई.’ मी हो म्हटलं. ते मजेत असल्यासारखे कुंपणाला हात लावत गेले, जिथे कुंपण संपतं तिथे थांबले. पुढे सायकलींचा नुसता लोंढा. बाबांनी काखेतली झेंडी काढली, उलगडली, आणि उजवा हात उंच करून लाल फडका धरला.

करकरून ब्रेक लागले. पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर येऊन आदळले, कोणीतरी ओरडलं, ‘अबे रुक, लाल है!’ त्यातल्या बहुतेकांचं अर्धं आयुष्य प्लँटमध्ये गेलेलं. लाल दिसलं की विचार करायचा नाही, पाय जमिनीवर, ही त्यांची हाडात मुरलेली सवय. आत एखाद्याने विचार करत बसायचं ठरवलं असतं तर तो घरी गेला नसता. तिकडून येणारे रात्रपाळीवाले, झोपेने डोळे तांबारलेले, तेही थांबले. एक ट्रकसुद्धा थांबला. रस्ता गप्प झाला.

आणि बाबा हलेनात!

हात वर, झेंडी वर, मान जराशी वाकडी, कान टवकारलेले. एक क्षण, दोन क्षण. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ‘चाचा, निकलो ना,’ कोणी म्हणालं. तरी ते जागचे हलले नाहीत. वाटत होतं, ओरडून सांगावं, बाबा, थांबले सगळे, चला! पण शब्द दिला होता. मी करंजाची साल नखांनी ओरबाडत उभी राहिले. भोंग्याची वेळ होत आली होती. आता हे लोक वैतागतील, कोणी हात धरून ओढत नेईल, आणि मग बाबा पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझं मॅट्रिक, आमचं क्वार्टर, सगळं त्या एका हातात होतं.

पुढच्या रांगेत पिकल्या मिशांचे एक गृहस्थ होते. हँडलला डबा अडकवलेला, डोक्यावर रेल्वेवाल्यांची काळी टोपी. ते बाबांकडे टक लावून बघत होते. एकदम म्हणाले, ‘अरे, सीटी माँग रहा है वो! सीटी कौन देगा?’ आणि त्यांनी आपल्या सायकलची घंटी वाजवली.

शंटिंगची ही रीत मला घरच्या गप्पांमधून माहीत होती, पण त्या वेळी डोक्यात आलीच नाही. झेंडी दाखवली की इंजिनाचा ड्रायव्हर छोटी शिट्टी देतो, म्हणजे ‘दिसली’. शिट्टी ऐकल्याशिवाय शंटिंगवाल्याने रुळांत पाय घालायचा नाही. गाडी उभी दिसत असली तरी नाही. बाबांना उभी गाडी दिसत नव्हतीच. ते नियमाप्रमाणे शिट्टीची वाट बघत होते, आणि सगळा रस्ता नियमाप्रमाणे त्यांची.

त्या एका घंटीमागे दुसरी वाजली. मग सगळ्या. इकडच्या, तिकडच्या, मागे कोपऱ्यावर अडकलेल्यांच्या, ज्यांना पुढे काय चाललंय ते दिसतही नव्हतं त्यांच्याही. ट्रकवाल्याने पोंग केलं. बाबांचा चेहरा कसा झाला म्हणून सांगू! त्यांनी मान हलवली, झेंडी तशीच उंच धरून रस्त्यात पाय टाकला, आणि चालत गेले. घाई नाही, चाचपडणं नाही. पलीकडे पोचले, झेंडी गुंडाळली, काखेत मारली आणि एक्स्चेंजकडे वळले.

रस्ता मात्र जागचा हलेना. आता यांना काय झालं? पिकल्या मिशांवाले ओरडले, ‘अरे भाई, हरी दिखाओ! हाजरी छूट जाएगी!’ लाल दाखवणाऱ्याने हिरवी दाखवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हेही त्यांच्या हाडात मुरलेलं. तेवढ्यात भोंगा झाला. बाबांनी कपाळावर हात मारला. हिरवी झेंडी पेटीतच राहिली होती, मायने फक्त मागितली तेवढीच काढून दिली होती. मग ते वळले, रस्त्याकडे तोंड केलं, आणि एक हात आडवा ताठ धरला. झेंडी नसली की ‘जाऊ दे’ची हीच खूण. सगळा रस्ता हसत, घंट्या वाजवत सुटला. आणि बाबाही हसले, ते मोठं, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारं हसू. आमच्या घरी ते वर्षभरात कोणी ऐकलं नव्हतं. मी झाडाला टेकून दुसऱ्यांदा भोकाड पसरलं.

आज मी नागपुरात राहते. आमच्या चौकात एक तरुण मुलगा पांढरी काठी घेऊन रोज उभा असतो. काठी काय सांगते ते आता सगळ्यांना माहीत आहे, शाळेत शिकवतात, तरी गाड्या त्याच्या अंगाला घासून जातात, आणि मग मी ह्या वयात रस्त्यात उतरून हात वर करते आणि शिव्या खाते, देतेही. काठीचा दोष नव्हता. पुढे माझ्याकडे राहायला आल्यावर बाबांनी ती आपणहून मागून घेतली. म्हणाले, ‘इथं माही झेंडी कोन वळखते?’ मदत हवी आहे असं सांगणाऱ्या खुणेला ओळखणारं कोणीतरी समोर असावं लागतं. भिलाईच्या त्या रस्त्यावर तसे लोक होते. तेलुगू, बंगाली, पंजाबी, बिहारी, छत्तीसगढी, आमच्या भंडाऱ्याकडचे, सगळे. त्यांची नावं मला माहीत नाहीत. पिकल्या मिशांचे ते गृहस्थ कोण, तेही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी बाबांना हात दिला नाही, कीव केली नाही, रस्ता दिला. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे, आणि हे मला मरायच्या आत कुठेतरी लिहायचं होतं.

त्या संध्याकाळी माय दवाखान्यातून आली तीच धापा टाकत. तिला वाटेतच कोणीतरी सगळं सांगितलं होतं, तरी तिने साळसूदपणे विचारलं, ‘काय झालं मंग आज?’ बाबा जेवत होते. भाकरी मोडत म्हणाले, ‘काई नाई. गाडी टाइमावर गेली.’ थोड्या वेळाने, ताटाकडेच तोंड ठेवून, ‘उद्यापासून पोट्टीले सरळ शाळेत पाठव. मले सोबत नको.’ माय ‘बरं’ म्हणाली, आणि वाढता वाढता पदर डोळ्याला लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी होते. मोठ्या बाईंनी बघितलं आणि मान हलवली. हात जोडलेले होते, तोंडाने शब्द येत होते, पण माझं सगळं लक्ष मैदानापलीकडे. प्रार्थनेचं दुसरं कडवं झालं. तिसरं सुरू झालं. आणि रस्त्याच्या बाजूने घंट्या वाजल्या, आधी एक, मग दोन-चार, मग सगळ्या.

बाबा पलीकडे गेले होते.